पहिला अल्बम कुणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मला विषय दिला होता 'स्त्रिया आणि नवी माध्यमं'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. गेलं दीड वर्ष मी एका मुलीबरोबर जे अनुभवते आहे ते सांगणार आहे, आणि त्या निमित्तानं जे वाचलं, लोकांना विचारलं, तेही. मुलगी एकोणीस वर्षांची आहे. रॅप करते. तिला तिचा पहिला अल्बम काढायचा आहे. तिचं नाव मी इथं घेणार नाही. हे सगळं बोलू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, सांगा सगळं. पण नाव नको. नाव पहिल्यांदा अल्बमवरच येऊ दे."

ती आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात वयाच्या तेराव्या वर्षी आली. आई चार घरी पोळ्याभाजी करते. वडील रंगकाम करतात, काम मिळेल तेव्हा आणि प्यायलेले नसतील तेव्हा. एक भाऊ आहे, मोठा. ही बारावी झाली आणि औषधाच्या दुकानात लागली, महिना आठ हजारांवर. दुपारी दुकान बंद असतं त्या दोन तासांत ती गाणी लिहिते, वहीत नाही, मोबाईलमध्ये.

आमच्या ८ मार्चच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा उभी राहिली. तुम्हाला आमचे कार्यक्रम माहीत आहेत. डफ असतो, ढोलकी असते, आणि लोकगीतांच्या चालींवरची आपली जुनी गाणी असतात. हिनं मोबाईल ध्वनिक्षेपकाला जोडला, त्यातून ठेका सुरू झाला आणि ही त्यावर भराभर बोलायला लागली. खरं सांगते, मला पहिल्यांदा ती बडबड वाटली. कडवं कुठं संपतं, धृपद कुठं येतं, काही कळेना. पण मागच्या रांगेतल्या मुली उठून उभ्या राहिल्या. मग दोन ओळी माझ्या कानात शिरल्या:

"त्याच्या फोनला कुलूप, माझ्या फोनला पहारा,
तो आला की ताट वाढा, मी आले की विचारा."

मी गेली तीस वर्षं मुलगा-मुलगी भेदभावावर शिबिरं घेते. तक्ते लावते, गटचर्चा घेते. या दोन ओळींत सगळं शिबिर होतं.

पण पुढच्या बैठकीत आमच्यात वाद झाला. तिच्या दुसऱ्या एका गाण्यात एक शिवी होती. काही जणी म्हणाल्या, आपल्या व्यासपीठावर हे चालणार नाही, सगळ्या शिव्या आईबहिणीवरूनच असतात. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बापावरून असलेली एखादी सांगा ना, ती घालते." आम्ही हसलो, पण उत्तर कुणाजवळच नव्हतं. पुढं महिनाभरानं तिनं ती शिवी स्वतःच काढली. आमच्यासाठी नाही. तिची आजी रोज ते गाणं लावून ऐकायला लागली होती, म्हणून.

तेव्हापासून मी ठरवलं की, ही मुलगी जे करते आहे ते कुठून आलं, हे आपण समजून घ्यायचं. आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीला नावं ठेवायची सवय आपल्यालाही आहेच.

हिपहॉपच्या जन्माची जी तारीख सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३. जागा न्यूयॉर्कमधला ब्रॉंक्स हा भाग, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. तिथं झालेल्या एका पार्टीत कूल हर्क या तरुणानं तबकड्या वाजवल्या आणि गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा लांबवत नेला. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिनं इमारतीतलं सभागृह भाड्यानं घेतलं आणि प्रवेशाला तिकीट लावलं. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. म्हणजे जागा तिनं घेतली, माणसं तिनं जमवली, हिशोब तिनं ठेवला. इतिहासात पहिलं नाव भावाचं आलं. हे वाचल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दुसरी गोष्ट रोक्सान शांटे हिची. ती माझ्या या मुलीला तोंडपाठ आहे, तिच्याकडूनच मी प्रथम ऐकली. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये पुरुषांच्या एका गटाचं गाणं गाजत होतं. रोक्सान नावाची मुलगी आपल्याला भाव देत नाही, अशी त्या तिघांची तक्रार होती. क्वीन्सब्रिज ही तिथली सरकारी घरांची प्रचंड मोठी वसाहत. तिथं राहणाऱ्या चौदा वर्षांच्या लोलिता गुडन या मुलीनं त्या रोक्सानच्या बाजूनं उत्तर दिलं. कपडे धुवायला निघाले होते, वाटेत शेजारच्या घरी ध्वनिमुद्रण केलं, असं ती सांगते. शेजारी म्हणजे पुढं मोठा संगीतकार झालेला मार्ली मार्ल. गाणं बरचसं जागच्या जागी सुचलेलं, एका दमात म्हटलेलं. ते इतकं गाजलं की, त्याला उत्तरं, त्या उत्तरांना प्रत्युत्तरं अशा तबकड्यांची रांगच लागली.

आपल्याकडे सवालजवाब आहेत, भारूड आहे. पण यात मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ज्या मुलीविषयी तिघं बोलत होते तिला त्या गाण्यात तोंडच नव्हतं. एका चौदा वर्षांच्या पोरीनं तिला तोंड दिलं.

आता पुढं ऐका. हे गाणं १९८४ चं. रोक्सान शांटेचा पहिला अल्बम आला १९८९ मध्ये. मधे पाच वर्षं गेली. त्या काळात तिनं गावोगाव कार्यक्रम केले, किशोरवयातच ती आई झाली. १९८५ साली रॅपच्या एका मोठ्या स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि हरली. मुलगी होते म्हणून मला मुद्दाम कमी गुण दिले, असं तिनं पुढं सांगितलं आहे. आणि पहिल्या गाण्याच्या बाबतीत तर आणखी एक अडचण झाली होती. तिनं त्या पुरुषांच्या गाण्याचीच धून वापरली होती. त्यावरून कायद्याची भाषा झाली आणि गाणं नव्या धुनेवर पुन्हा करावं लागलं. ठेका कुणाचा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

या रोक्सानच्या बाबतीत एक गोड गोष्टही फिरत असते. २००९ साली एका वृत्तपत्रात बातमी आली होती की, तिच्या करारात 'शिक्षणाचा सगळा खर्च कंपनी करील' असं कलम होतं, त्याच्या जोरावर तिनं पीएच.डी. केली. आपल्या शिबिरात सांगायला किती छान! मीही ती दोन ठिकाणी सांगून बसले. नंतर कळलं की त्याच वर्षी एका पत्रकारानं पडताळणी केली, तेव्हा असा करारही सापडला नाही आणि पीएच.डी.ही नाही. मी हे तिला कमी लेखायला सांगत नाही. चौदाव्या वर्षी तिनं जे केलं ते कुणी खोडू शकत नाही. पण 'करार वाईट होता तरी शेवटी भलं झालं' अशा गोष्टी आपल्याला फार आवडतात, कारण त्यानंतर काही करावं लागत नाही.

तिसरी एमसी लाइट. ब्रुकलिनची. तिचा 'लाइट अ‍ॅज अ रॉक' हा अल्बम १९८८ साली आला. पूर्ण लांबीचा अल्बम काढणारी पहिली एकटी स्त्री रॅपर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तेव्हा तिनं विशीसुद्धा गाठली नव्हती. तिच्या अगदी पहिल्या गाण्यात एक मुलगी आपल्या प्रियकराविषयी बोलते. त्याची दुसरी कुणी मैत्रीण आहे असं तिला वाटत असतं, आणि शेवटी कळतं की ती दुसरी म्हणजे क्रॅक हे व्यसन आहे. दारूबंदीचं काम केलेल्या बायका इथं बसल्या आहेत, त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

चौथी लॉरिन हिल. तिचा पहिला एकटीचा अल्बम १९९८ साली आला. त्याआधी ती तिघांच्या गटात गात होती आणि तो गट जगभर गाजला होता. अल्बमचं काम चालू व्हायच्या सुमाराला ती गरोदर राहिली. आजूबाजूचे लोक सांगत होते की आता मुलाचा विचार करू नकोस, कारकिर्दीचा कर. तिनं मूल होऊ दिलं, १९९७ मध्ये मुलगा झाला, आणि त्यावरच एक गाणं करून अल्बममध्ये घातलं. १९९९ मध्ये त्या अल्बमसाठी तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही होता. मला इथं 'आई होणं थोर' असं म्हणायचं नाही. गर्भपाताचा हक्क आपण मागितला आहे आणि मागत राहू. पण निर्णय बाईचा, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी तिचाच. कंपनीच्या वेळापत्रकासाठी पोट रिकामं करायला सांगणं आणि वंशासाठी भरायला सांगणं, दोन्हीकडे बाईला कुणी विचारतच नाही.

पण याच अल्बमची दुसरी बाजू आहे. तिच्याबरोबर काम केलेल्या काही वादकांनी आणि संगीतकारांनी दावा लावला की, गाण्यांच्या निर्मितीत आमचा वाटा होता, आमची नावं नीट दिली नाहीत. २००१ साली ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. खरं-खोटं मी ठरवणारी कोण? पण हे सांगणं मला आवश्यक वाटतं. हक्क मागणाऱ्या बाईलाही दुसऱ्याचं नाव लिहायचं भान ठेवावं लागतं. याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण आमच्या संघटनेनं नेमकं याच बाबतीत माती खाल्ली.

आता आपल्याकडे येऊ. रॅप करणाऱ्या मुली आपल्याकडे नाहीत असं नाही. कल्याणला वाढलेली दीपा उन्नीकृष्णन 'डी एमसी' नावानं रॅप करते. अनेक वर्षं कार्यक्रम केल्यानंतर २०१९ साली तिचा पहिला अल्बम आला. आदिवासी समाजातली 'माही जी' जंगल, पाणी, आदिवासींचं जगणं यांवर रॅप करते. आमच्या मुलीच्या मोबाईलमध्ये या दोघींची गाणी आहेत. "या जमल्या, म्हणजे जमतं," असं ती म्हणते.

जमायला काय लागतं ते मी तिच्याबरोबर फिरून पाहिलं. एका गाण्याचा ठेका, ज्याला ही मुलं बीट म्हणतात, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. पण फुकट म्हणजे सरावाला फुकट. त्यावरचं गाणं विकायचं असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो, आणि तोच ठेका आणखी दहा जणांना विकलेला असू शकतो. फक्त आपल्यासाठी हवा असेल तर किंमत कितीतरी पट. मग स्टुडिओ. आमच्या शहरातला एक छोटा स्टुडिओ आहे, खोलीला आतून गादीसारखे पत्रे लावलेले. तासाला सहाशे रुपये. एका गाण्याला तीन-चार तास जातात. मग आवाज आणि ठेका यांचं मिश्रण, त्याचे वेगळे पैसे. मग ते सगळीकडे ऐकायला मिळावं म्हणून वितरण करणाऱ्यांची वर्षाची फी किंवा उत्पन्नातला हिस्सा. आठ हजार पगारातून पाच हजार घरात देणारी मुलगी दोन महिन्यांत एक गाणं करते. त्यात स्टुडिओची स्वस्त वेळ रात्री दहानंतरची. ती वेळ मुलांना मिळते. हिला घरी सातला पोचायचं असतं. म्हणजे तेच काम तिला जास्त पैशांत पडतं. बाईपणाचा हा भुर्दंड कुठल्याच हिशोबात दिसत नाही.

सुरुवातीला तिच्याबरोबर स्टुडिओत कुणीतरी जायचं म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. दोन वेळा झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही दारात बसता ते बरं वाटतं. पण आत तो मुलगा मला विचारतच नाही, तुम्हालाच विचारतो, की मॅडम, ठीक आहे का?" संरक्षण करता करता आम्ही तिचे पालक होऊन बसलो होतो. मग आमच्यापैकी कुणी जायचं नाही, दोन मैत्रिणींना घेऊन जायचं आणि त्यांचं रिक्षाभाडं संघटनेनं द्यायचं, असं ठरलं.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. त्यांची छोटी संगीत कंपनी आहे. त्यांनी तिची मोबाईलवरची गाणी ऐकली होती. अल्बम आम्ही काढू म्हणाले आणि करार दिला. अकरा पानी, इंग्रजीत. मुलगी मराठी माध्यमातली. रोख पंचवीस हजार रुपये एकदाच. ते आकडे बघून घरात पहिल्यांदा तिच्या गाण्याला मान मिळाला. जो भाऊ "पोरीच्या जातीला शोभत नाही" म्हणायचा तोच म्हणाला, "सही कर."

तिनं सही केली नाही, करार आमच्याकडे आणला. आमच्या वकील मैत्रिणीनं तो दोन संध्याकाळी बसून मराठीत समजावला. पुढची पाच वर्षं ती जे लिहील ते सगळं कंपनीचं. तिनं स्वतःसाठी घेतलेलं रॅपचं नावही कंपनीचं. ध्वनिमुद्रणाचा आणि जाहिरातीचा खर्च आधी तिच्या वाट्यातून वळता करायचा, मग उरलं तर तिला. आज असलेली आणि पुढं येणारी सगळी माध्यमं, सगळं जग, कायमचं. आणि एक कलम असं की, कलाकारानं आपली 'सार्वजनिक प्रतिमा' कंपनीच्या सूचनेप्रमाणे राखायची.

वकील मैत्रिणीकडून जे शिकलो ते तुम्हाला सांगते, कारण उद्या तुमच्याही वस्तीत असा कागद येईल. एक, गाण्यात अनेक हक्क असतात. शब्द लिहिणारीचा एक, संगीत करणाऱ्याचा एक, म्हणणारीचा एक, आणि ध्वनिमुद्रणाचा आणखी एक. रॅपमध्ये शब्द आणि आवाज बहुतेक वेळा एकीचेच असतात. 'गाणं दिलं' म्हणताना यातलं नेमकं काय दिलं, ते विचारायचं. दोन, १९५७ चा कॉपीराइट कायदा २०१२ मध्ये दुरुस्त झाला. त्यानुसार ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क करारानंसुद्धा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेला देता येतो. 'माझा रॉयल्टीवर हक्क राहणार नाही' असं लिहून घेतलं असेल तर ते कलम रद्दबातल. तीन, हक्क देणं लेखी आणि सहीनिशी हवं, आणि त्यात कोणतं गाणं, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला हे असायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. चार, अठरा वर्षांखालच्या मुलीनं केलेला करार कायद्यानं टिकत नाही. आपल्या किशोरी गटातल्या मुलींसाठी हे लक्षात ठेवा. तोंडी 'बघू, करू' मध्ये पोरी फार अडकतात.

आम्ही चार बदल सुचवून करार परत पाठवला. नाव तिचं राहील. फक्त या आठ गाण्यांपुरता करार. खर्चाचा हिशोब दर सहा महिन्यांनी लेखी. आणि प्रतिमेचं कलम काढायचं.

आज चार महिने झाले. त्यांचं उत्तर नाही.

मैत्रिणींनो, इथं मला तुमच्याशी प्रामाणिक राहायचं आहे. एक दिवस ती मला म्हणाली, "ताई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण तुमच्यामुळं माझा चान्स गेला असेल तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट करार नाकारायला सांगणं आपल्याला सोपं जातं, कारण पंचवीस हजार आपले गेलेले नसतात. किमान वेतनाच्या लढ्यात आपण म्हणायचो की कमी मजुरीवर जाऊ नका, आणि ज्या गेल्या नाहीत त्यांच्या चुलीचं काय, हे ठरवायला आपल्याला उशीर लागायचा. इथंही तेच झालं. मग आम्ही वर्गणी काढली. दोन गाण्यांचा खर्च निघाला. आम्ही ते पैसे दिले आणि लगेच काही जणी म्हणाल्या, मग आता तिनं आपल्या मोर्चावर एक गाणं करावं. तिनं शांतपणे सांगितलं, "मोर्चात येऊन तुमच्या घोषणा मी म्हणीन. पण अल्बममध्ये काय घालायचं ते मी ठरवणार." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, कंपनीचं ते प्रतिमेचं कलम आणि आमची अपेक्षा यांत फार अंतर नव्हतं.

आता ती माती खाल्ल्याची गोष्ट. गेल्या वर्षी रेशनच्या प्रश्नावर आम्ही एक छोटी चित्रफीत केली. तिला तिचाच ठेका आणि तिच्याच ओळी लावल्या. ती आपलीच, म्हणून विचारलं नाही. शेवटी संघटनेचं नाव आलं, सहकार्य करणाऱ्यांची नावं आली, हिचं नाव नाही. ती चित्रफीत शेकडो लोकांनी पुढं पाठवली. तिनं फक्त विचारलं, "लिहिलं कुणी ते कुणाला कळणार?"

आपण म्हणतो की जात्यावरच्या ओव्या सगळ्या बायकांच्या, त्यांना कवयित्रीचं नाव नाही. म्हणताना आपल्याला ते सुंदरही वाटतं. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, तेव्हा कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं ही ओवी सांगितली, याची नोंद केली. म्हणून आज ओवीच्या शेजारी माणूस दिसतं. त्या बायकांच्या आधीच्या पिढ्यांचं नाव राहिलं नाही, कारण ते लिहावं असं कुणाला वाटलंच नाही. आणि आपण, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून वर्षानुवर्षं तहसीलवर बसणाऱ्या बायका, एका पोरीच्या गाण्याखाली तिचं नाव लिहायला विसरलो. आम्ही तिची माफी मागितली, चित्रफीत मागं घेतली आणि नाव घालून पुन्हा काढली. पण आधी गेलेली ती गेलीच.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. तिच्या आठ गाण्यांत एक गाणं घरातल्या मारहाणीवर होतं. बाप येतो, आई दार उघडते, पुढं काय होतं ते सगळं. मी ऐकलं तेव्हा म्हटलं, हे तुझं सर्वांत ताकदीचं गाणं, अल्बमची सुरुवात यानंच कर. आपण आयुष्यभर तेच सांगत आलो ना, की घरातलं बाहेर येऊ दे, मौन तोडा. मग एका संध्याकाळी केंद्रावर तिच्या आईनं ते गाणं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि लेकीला म्हणाली, "हे सगळं खरं आहे. पण हे त्याच्या कानावर गेलं तर मार मला बसणार. तू तेव्हा स्टुडिओत असशील. मी अजून त्याच घरात राहते."

खोलीत कुणी बोललं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं प्रशिक्षण मी शेकडो बायकांना दिलं आहे. संरक्षण आदेश, निवासाचा हक्क, सगळं मला पाठ आहे. त्या आईला मी हे आधीही सांगितलं होतं आणि तिनं नको म्हटलं होतं. तिचं अजून ठरलेलं नाही. आणि तिचं ठरण्याआधी मी तिची गोष्ट अल्बमच्या सुरुवातीला लावायला निघाले होते. गाणं लेकीचं, पण अंगावरचे वळ आईचे. मौन कुणी, कधी तोडायचं हे जिच्या अंगावर बेतणार तिनं ठरवायचं, एवढी साधी गोष्ट मला तिच्याकडून शिकावी लागली.

मायलेकींनी आपसात ठरवलं. ते गाणं या अल्बममध्ये नाही. ध्वनिमुद्रण करून ठेवलं आहे, आणि ते कधी बाहेर काढायचं हे आई सांगणार. त्याच्या जागी तिनं नवीन गाणं लिहिलं आहे, चार घरच्या पोळ्यांचं. एका पोळीला किती सेकंद लागतात, दिवसाला किती पोळ्या, महिन्याला किती, आणि त्यात आईच्या ताटात पडते ती कितवी. तो हिशोब आईनंच तिला करून दिला. या गाण्याखाली दोघींची नावं येणार आहेत.

तर आज स्थिती अशी आहे. आठांपैकी सहा गाणी तयार आहेत. करारावर सही नाही. कंपनीचं उत्तर आलं तर पुन्हा बसून वाचू. नाही आलं तर अल्बम ती स्वतः काढणार, उशिरा का होईना. रोक्सानला पाच वर्षं लागली, मला दोन लागली तर काय, असं ती म्हणते.

तुम्हाला माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या गटात लिहिणारी, गाणारी, रॅप करणारी मुलगी असेल तर तिच्या गाण्यांची एक वही ठेवायला तिला सांगा, तारखेसह. तिचं काही वापरलं तर विचारून आणि नावासकट वापरा. कागद आला तर तिच्या भाषेत वाचून दाखवा, आणि मग सही करायची की नाही ते तिला ठरवू द्या. नाकारायला सांगितलंत तर पुढं काय, याची जबाबदारीही थोडी उचला. आणि तिचं गाणं आपल्या कामाला उपयोगी आहे का, हे विचारायच्या आधी एकदा नुसतं ऐका.

दुपारी जेवणानंतर ती इथं येणार आहे. तीन गाणी म्हणणार आहे. ठेका मोठ्यानं वाजेल, ज्यांना त्रास होतो त्यांनी मागं बसा, पण उठून जाऊ नका. संयोजक मैत्रिणींशी मी बोलले आहे. बाहेरून येणाऱ्या वक्त्यांना आपण जे मानधन देतो तेवढंच तिला द्यायचं ठरलं आहे. ते पाकिटातून तिच्या हातात द्यायचं, आणि पावतीवर तिनं तिचं नाव स्वतः लिहायचं.